आत्यानं सोडलेली वस्तू

आमच्या घरात चौमासा यायचा तो वांग्याला निरोप देऊन. आषाढीच्या आदल्या दिवशी अव्वा, म्हणजे माझी आई, शेवटचं भरलं वांगं करायची. करडईच्या तेलाची तर्री ताटाच्या कडेला लागायची, आणि आम्ही सगळे असे जेवायचो की जणू वांगं परगावी निघालंय आणि आता भेट कधी व्हायची कुणास ठाऊक. आम्ही लिंगायत, शंकराची माणसं. आषाढी-कार्तिकीशी आमचं तसं देणंघेणं नाही. पण चार महिने काहीतरी सोडायचा नेम शेजारणींचं बघून आमच्या बायकाही धरत. कुणी कांदा सोडे, कुणी गूळ, कुणी दुपारची झोप. नेम मठात जाऊन स्वामींपुढं बोलायचा आणि चौमासा संपला की तिथंच फेडायचा. फेडायची रीत अशी की जे सोडलं तेच दान द्यायचं. वांगी सोडली असतील तर सूपभर वांगी, गूळ सोडला असेल तर गुळाची ढेप. दान दिलं की दुसऱ्या दिवसापासून ती वस्तू खायला मोकळीक. ही फेडायची रीत ध्यानात ठेवा, कारण माझ्या आत्यानं ती मोडली आणि त्यावरून आमच्या गावात जे झालं ते सांगायलाच मी बसले आहे.

गाव आमचं परंड्याकडच्या वाशीच्या बाजाराला जाणारं. रस्त्याच्या अंगाला माझ्या वडिलांचं, अण्णांचं, किराणा-भुसाराचं दुकान, मागं घर, घरामागं परस आणि परसाच्या भिंतीला लागून कुंभाराचं अंगण. त्यामुळं माझं लहानपण दोन आवाजांत गेलं. दुकानात तागडीच्या साखळीचा खळखळाट आणि मागं नामा कुंभाराच्या थापटण्याचा आवाज. ओलं मडकं आतनं दगडी गुंड्यानं धरून बाहेरनं लाकडी थापटण्यानं ठोकतात, तो थप थप आवाज. सकाळी आत्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायची तेव्हा तो सुरू व्हायचा आणि तिची पूजा संपली तरी चालूच असायचा. नामाची बायको शेवंता मडक्यांवर गेरूची नक्षी काढी, उन्हात वाळत ठेवी आणि गाढवावर लादून बाजारला नेई. ती उंच होती आणि मोठ्यानं हसायची. बाईमाणसानं एवढं मोठ्यानं हसू नये, असं आत्याचं मत होतं.

मतं आत्याची पुष्कळ होती. तिचं नाव गंगाबाई, पण सगळं गाव तिला आत्याबाईच म्हणायचं. अण्णांची थोरली बहीण. नांदायला गेली होती आणि थोड्याच दिवसांत एकटीच परत आली. का आली हे ना तिनं सांगितलं, ना अण्णांनी विचारलं. गावानं मात्र विचारलं, आणि उत्तर मिळेना तेव्हा आपलं आपण तयार करून घेतलं. तिची जीभ तेव्हाच धारेला लागली असावी, असं मला आता वाटतं. लोकांनी आपल्याला नाव ठेवायच्या आत ती लोकांना ठेवून मोकळी व्हायची. पाटील रस्त्यानं गेले की म्हणायची, "फेटा दिसायलाय, आतलं डोस्कं काय सापडंना." माझी भाकरी बघून म्हणायची, "नंदे, भाकरी थापलीस का गवरी?" बायका तिला भ्यायच्या आणि तिच्याभोवतीच बसायच्या. कुणाची सून कशी, कुणाचं पाऊल कुठं वाकडं पडलं, याचा शेवटचा निकाल आमच्या परसात जोंधळे निवडता निवडता लागायचा. आत्या बोलली की विषय संपला.

मग ते दिवस आले. रझाकारांचं काय नि कसं ते मी लिहीत बसत नाही, ते लिहिणारे पुष्कळ झाले. आमच्यापुरतं एवढंच की शेजारचं गाव जळाल्याचा धूर आम्ही आमच्या गच्चीवरनं पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव गाड्या जुंपून हद्दीपलीकडं, बार्शीच्या अंगाला निघालं. आमचा जोंधळा परसातल्या पेवात होता. पेव म्हणजे जमिनीतली धान्याची खोल विहीरच. अण्णांनी त्याचं तोंड बंद केलं, वरनं शेवंतानं चिखलाचा असा गिलावा दिला की तिथं काही आहे हे सांगूनही पटू नये. गाड्या निघाल्या. नामा कुंभार आपलं बोचकं घेऊन आमच्या गाडीमागं चालायला लागला. शेवंता अंगणात उभी होती.

"चल की गं," अव्वा म्हणाली.

"म्या न्हाय येत," शेवंता म्हणाली.

नामानं एकदा मागं बघितलं. ती हलली नाही. तो मान खाली घालून चालत राहिला. का राहिली, नवऱ्यानं तिला ओढत का नेली नाही, हे बोलायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. सवड पुढं पुष्कळ मिळाली.

पलीकडं कापसाची सरकी काढायच्या एका जिनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही राहायला होतो. लुगड्यांचे पडदे बांधून घरं केलेली. पडद्याअलीकडं आमचं घर, पलीकडं पाटलांचं, त्याच्या पुढं आणखी कुणाचं. दिवसभर पत्रा तापायचा आणि बायकांना काम नसायचं. दळण नाही, पाणी शेंदणं नाही, गुरं नाहीत. रिकाम्या हातांनी माणूस बोलतं. आणि बोलायला मागं राहिलेली एकच बाई होती. "राहिली ती काय देवळाची राखण करायला?" हे पहिलं वाक्य माझ्या आत्याचं. मी ऐकलंय. त्या एका वाक्यावर बायकांनी पुढचे कितीक दिवस काढले. एकीनं एक जोडलं, दुसरीनं दुसरं, आणि आषाढ लागेपर्यंत शेवंता अशी काही होऊन बसली की ती मडकी रंगवते हेसुद्धा लोक विसरले. नामा पडद्यापलीकडं बसून सगळं ऐकत असायचा. त्याच्या हाताला चिखल नव्हता, तर तो नुसताच बोटं चोळत बसायचा.

एक दिवस दुपारी बार्शीकडच्या दोन बाया आम्हाला वाटायला भाकरी घेऊन आल्या. चांगल्या घरच्या होत्या, मनानंही चांगल्या असतील. पडद्याबाहेर टोपली ठेवताना एक दुसरीला हळूच म्हणाली, "हे पळून आल्याले. आन् यांच्या बाया कशा असतील, काय काय करून आल्या असतील, कुणाला ठावं." आत पडद्याला टेकून आत्या बसली होती. मला वाटलं, आता ही उठते आणि त्या बाईची सात पिढ्यांची धुणी धुते. ती उठली नाही. तिनं भाकरी घेतली, मोडली, आम्हाला वाटली. स्वतः खाल्ली नाही. संध्याकाळपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि हे इतकं नवल होतं की अव्वानं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दोन-चार दिवसांनी आषाढी आली. आमच्या मठाचे स्वामीही आमच्यासारखेच पळून येऊन शेजारच्या शेडमध्ये राहात होते. बायका त्यांच्यापुढं नेम बोलायला बसल्या आणि एक अडचण उभी राहिली. सोडायचं काय? वांगं सोडायला वांगं बघायला मिळालं पाहिजे. गूळ कुणाच्या घरात नव्हता. दूध लेकरांना मिळेना. दुपारची झोप तर पत्र्यानं आधीच सोडवली होती. जवळ काही असल्याशिवाय माणसाला काही सोडतासुद्धा येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बायका कावऱ्याबावऱ्या होऊन एकमेकींकडं बघायला लागल्या. तेव्हा आत्या म्हणाली, "माझ्यापाशी एकच वस्तू राह्यलीय. ती सोडते."

"कोणती, आत्याबाई?" स्वामींनी विचारलं.

"लोकांला नाव ठेवणं."

सगळी शेड हसली. स्वामी हसले, बायका हसल्या, पडद्यापलीकडं गडीमाणसंही हसली. पाटलीणबाई म्हणाल्या, "आत्याबाई, त्यापरीस अन्न सोडा, सोपं जाईल." आत्यानं त्यांच्याकडं बघितलं. ओठ हलले. पाटलीणबाईंबद्दल तिच्या पोटात काय काय होतं ते मला ठाऊक आहे. पण तिनं कनवटीची लवंग काढली, दाढेखाली धरली आणि गप्प बसली. ती तिच्या नेमाची पहिली लवंग.

पुढं आम्ही पोरांनी तिचा छळ मांडला. मुद्दाम तिच्यापुढं जाऊन विचारायचो, "आत्या, पाटलांचा फेटा कसा हाय?" ती म्हणायची, "तांबडा." "आत्या, भाकरी कशी झालीय?" "करपलीय." "मग हे नाव ठेवणं न्हाय का?" ती म्हणायची, "भाकरीला कान न्हायत. करपलीय हे म्या बघितलं. करपवणारी कशी हाय ते माझं काम न्हाय." तिनं आपली आपणच अशी एक हद्द आखली होती. जे डोळ्यानं दिसलं ते बोलायचं, पुढचं बोलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही एक दिवस करून बघा. मी आयुष्यभर करून बघतेय आणि अजून माझा नेम रोज दुपारपर्यंत मोडतो. एकदा मी तिला विचारलं की यात देवाचं काय आहे, हा कसला नेम. ती पूजेला बसली होती. तळहातावरचं लिंग दाखवून म्हणाली, "ह्याच्यावरची नजर हलली की पूजा मोडती. आन् हलली की ती जाती कुठं? शेजारणीच्या ताटात. चाळीस वरसं म्या पूजा केली आन् नजर सगळी ताटांत." मग पुन्हा तळहाताकडं बघायला लागली.

पोलीस ॲक्शन झाली आणि आम्ही परतलो. गावाजवळ आल्यावर जो तो मान उंचावून आपलं छप्पर शोधत होता. घरं आहेत का नाहीत, कुणास ठाऊक. वेशीपाशी गाड्या थांबल्या, आणि त्या रिकाम्या गावातनं आवाज आला. थप थप, थप थप. नामा आमच्या गाडीमागनं एकदम पुढं झाला आणि पळत सुटला. मला हसू आलं आणि रडूही आलं, कारण तो आवाज म्हणजे माझं घर होतं. बाकीच्या बायकांनी मात्र एकमेकींकडं बघितलं. नवरा इथं, मग चाक फिरवलं कुणी? कुंभाराच्या बाईनं चाकाला हात लावायचा नसतो. अंगणात नव्या मडक्यांच्या ओळी लागल्या होत्या. त्या ओळींमध्ये शेवंता उभी होती. आम्ही गेलो तेव्हा होती त्याहून अंगानं बरी, आणि दोन्ही हातांत मनगटापासून वर हिरव्यागार नव्या बांगड्या. जिथं माणूस नव्हतं त्या गावात कासार कुठला आला आणि बांगड्या कुणी भरल्या? आम्ही परसात गेलो तर पेवाचं तोंड उघडं, आत जोंधळ्याचा दाणा नाही.

झालं. शेडमध्ये जे नुसतं बोलणं होतं त्याला आता हातपाय फुटले. चार दिवसांनी पाटील, दोन-तीन शहाणी माणसं आणि स्वामी आमच्या ओसरीवर येऊन बसले. कुंभारणीला गावात ठेवायची की नाही हे ठरवायचं होतं. पेव आमचं, गिलावा तिच्या हातचा, म्हणजे आमच्या घरच्या गवाहीला सगळ्यात वजन. आणि बायकांच्या बाबतीत गवाही द्यायची तर आत्यानं, हे गावाला आजवरच्या सवयीनं ठाऊक होतं. अण्णा खांबाला टेकून उभे होते. आत्या दाराच्या उंबऱ्याशी बसली. मी आतनं बघत होते.

पाटील म्हणाले, "आत्याबाई, तुमी एक सबूद बोला, बास. बाई कशी हाय?"

"उंच हाय," आत्या म्हणाली.

"चेष्टा नगं. पेव कुणी दावलं?"

"पेव उघडं व्हतं, जोंधळा न्हवता. येवढं म्या बघितलं. कुणी नेला ते बघितलं न्हाय."

"आन् बांगड्या?"

"हिरव्या हायत."

पाटलांचा आवाज चढला. "शेडमदी तुमीच पयल्यांदा बोललाव ना, देवळाची राखण करायला राह्यली का म्हणून? समद्या गावानं ऐकलंय."

"व्हय, बोलले," आत्या म्हणाली. "बघितलं न्हवतं आन् बोलले. पाटील, ज्या सबदावर तुमी तिला गावाभाईर काढायलाव, तो माझाच हाय. म्या तो माघारी घेतलाय."

मग स्वामींनी घसा साफ केला. स्वामी वाईट नव्हते. माणूस गावाच्या कलानं जाणारा होता, एवढंच. ते म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या नेमाचं मला ठावं हाय. पर हे गावाचं काम हाय. गावासाठी नेम एक दिवस बाजूला ठेवता येतो, म्या तुमाला मोकळीक देतो."

आत्यानं लवंग एका दाढेखालनं दुसरीकडं नेली. "स्वामी, वांगं सोडल्याल्या बाईला तुमी म्हणाल का, गावासाठी एक दिवस वांगं खा म्हणून?"

ओसरीवर कुणी हसलं नाही. पाटील उठले. जाता जाता म्हणाले, "ठीक हाय. गावातनं काढायची न्हाय. पर तिचं मडकं कुणी घेयाचं न्हाय. बघू कशी राहती." अण्णांनी होय म्हणून मान हलवली. मला अण्णांचा त्या वेळी असा राग आला की तो आजही पुरता गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

गावानं मडकं घेणं बंद केलं. नामा गाढवावर माल लादून वाशीच्या बाजारात जाई, तर आमच्याच गावचं कुणीतरी तिथं गिऱ्हाइकाच्या कानाला लागे आणि तो तसाच्या तसा परत येई. अंगणातल्या ओळी वाढत गेल्या आणि एक दिवस थापटणंच थांबलं. सकाळी पूजेला बसलेली आत्या मध्येच डोळे वर करून भिंतीकडं बघायची. कुंभार चाक काढून कुठंतरी निघून जायचा विचार करतोय, असं अव्वा म्हणाली. दिवाळी अशीच गेली.

तुळशीचं लग्न झाल्यावर माझं लग्न होतं. परंड्याचं स्थळ, पळापळीच्या आधीच ठरलेलं. आमच्या लिंगायतांत लग्नाला ऐरणी लागतात. ऐरणी म्हणजे नक्षी काढलेली मडकी. घरच्या बायका वाजतगाजत कुंभाराच्या घरी जातात, चाकाला हळदकुंकू वाहतात, कुंभारणीची ओटी भरतात आणि ती मडकी डोक्यावर घेऊन येतात. ती देवापाशी मांडल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आता ओटी भरायची ती कुणाची, हे तुम्हाला कळलंच असेल. परंड्याहून सासूबाईंचा निरोप आला. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. त्या बाईच्या हातचं मडकं मांडवात दिसलं तर वरात वेशीतनं माघारी फिरेल, असा निरोप होता. अण्णांनी कुणाला न विचारता ईट गावाहून दुसऱ्या कुंभाराकडची मडकी मागवली. गाडीत कडबा घालून आणली आणि आतल्या खोलीत पोत्याखाली झाकून ठेवली.

त्याच आठवड्यात मठात नेम फेडायचा दिवस आला. बायका सूप भरभरून वांगी घेऊन आल्या होत्या. कुणी कांदे, कुणी गूळ. आत्या मोकळ्या हातांनी गेली, मी तिच्याबरोबर. आत्याबाईंनी चार महिने काय काय साठवलं असेल ते ऐकायला मठ नेहमीपेक्षा जास्त भरला होता. शेवंताचा निकाल आज लागणार, अशीच सगळ्यांची खात्री होती. स्वामी हसून म्हणाले, "या आत्याबाई. तुमी सोडल्याली वस्तू आणलीय न्हवं? द्या दान."

"ती कुणाच्या पदरात घालू, स्वामी?" आत्या म्हणाली. "ज्याच्या पदरात घालीन त्याच्या घरात ती जायची. आन् दान दिलं की उद्यापासनं मला ती पुन्ना खायची मोकळीक. मला ती खायची न्हाय. म्या नेम फेडणार न्हाय."

"आवो, आसं चालत न्हाय. नेम आर्धा ठेवणं पाप हाय."

"आर्धा कुठं? मरंस्तवर धरते की. तरीबी पाप लागत आसंल तर लागू द्या. माझ्या नावावर आदीच लई लोकांनी लई घातलंय, त्यात हे येक."

नमस्कार करून ती उठली आणि बायकांच्या मधनं बाहेर पडली. मी तिच्या मागं. चालता चालता मला काय झालं ठाऊक नाही. घरी आले ती दुकानात गेले. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत अण्णांना म्हणाले, "ईटची मडकी परत धाडा. त्या मडक्यांवर मी हळद लावून घेणार न्हाय."

अण्णांच्या हातातली तागडी तशीच राहिली. आमच्या घरात लग्नाच्या पोरीनं बापापुढं असं बोलायची रीत नव्हती. "वरात माघारी गेली तर?" ते म्हणाले.

"गेली तर गेली. आत्या परत आल्याच की, जगल्याच की."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. अण्णांनी मागं बघितलं. आतल्या दारात आत्या उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही आणि मी सांगणारही नाही. अण्णांनी तागडी सरळ केली. मग गिऱ्हाइकाला म्हणाले, "काय पाहिजे तुमाला? शेंगदाणे ना?" आणि तोलायला लागले. नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाजंत्री ठरवलेले आले नाहीत. पाटलांनी त्यांना सांगितलं असावं. आत्यानं पितळी ताटात हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ घेतले आणि अव्वाला म्हणाली, "चल गं." वाजंत्र्यांच्या जागी अव्वानं घरातली झांज घेतली. तिला ती वाजवता येत नव्हती, पण ती बडवत होती. वाटेत दारं उघडून बायका बघत होत्या. एक म्हातारी तांबोळीण तेवढी आमच्यात येऊन मिळाली. ती मुसलमान, त्या दिवसांत तिचंही गावात बरं चाललेलं नव्हतं.

शेवंता दाराशी उभी राहिली. ताट बघून तिनं हात मागं घेतले. "आत्याबाई, आदी इचारा मला. समदं गाव माझ्याकडं बघतंय, इचारलं कुणीच न्हाय. इचारा, मंग मडकी न्या."

"म्या इचारायला आले न्हाय, ऐरणी न्यायला आले," आत्या म्हणाली. "तुला सांगायचं आसंल तर बसते. सांग."

आत्या खरंच तिथं चाकापाशी खाली बसली. शेवंता तिच्याकडं बघत राहिली. तिनं पदर सारखा केला तशा त्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. मग ती म्हणाली, "आज नगं." आत्यानं चाकाला हळदकुंकू वाहिलं आणि शेवंताची ओटी भरली. नामानं आतनं मडकी आणली. पांढऱ्या रंगाची, वर गेरूची वेल. ती त्यांनी कधीच करून ठेवली होती. कुणी येईल न येईल याची खात्री नसताना करून ठेवली होती. आत्यानं एकेक मडकं बोटानं वाजवून घेतलं. नेम काही मडक्यांसाठी नव्हता.

वऱ्हाड दुसऱ्या दिवशी आलं. सासूबाई गाडीतनं उतरल्या त्या सरळ देवापाशी गेल्या. मडकी बघितली. "ही ईटची?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. आमच्याच गावची," आत्या म्हणाली.

"त्या बाईच्या हातची?"

"व्हय."

 सासूबाईंनी विचारलं, "बाई कशी हाय ती, खरं सांगा. तुमचं नाव ऐकून हाय म्या. तुमी खोटं बोलत न्हाय म्हणतात."

"मडकी म्या वाजवून घेतल्यात, तुमी बी वाजवून बघा," आत्या म्हणाली. "मडकं वाजवून घ्यावं. बाई वाजवून बघायची आसंल तर मला आदी वाजवा, विहीणबाई. म्या नवऱ्याचं घर सोडून आल्याली हाय. का आले ते म्या कुणालाबी सांगितलं न्हाय, तुमाला बी सांगणार न्हाय. आता बघा, वरात माघारी न्यायची का काय ते."

मी आतल्या दाराशी उभी होते, हळद लागायची होती. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या मडक्यांपाशी उभं होतं आणि मला भीती वाटत नव्हती. राग येत होता, आणि रागात एक आनंद असतो तोही होत होता. सासूबाईंनी आत्याकडं बघितलं. आत्यानं नजर खाली घातली नाही. मग सासूबाई वाकल्या आणि मधल्या मडक्यावर बोट मारलं. टण्ण आवाज आला. दुसरं वाजवलं. मग सरळ होऊन म्हणाल्या, "पक्की भाजल्यात. चला, येसराच्या आमटीला फोडणी दिली का न्हाय? वऱ्हाड भुकेलंय."

सासूबाईंनी पुढं मला नावं ठेवली नाहीत असं समजू नका, भरपूर ठेवली. पण नामाच्या अंगणातलं थापटणं पुन्हा सुरू झालं, आणि मी माहेरी आले की सकाळी मला त्यानंच जाग यायची. गाव पुन्हा मडकी घ्यायला लागेपर्यंत वेळ गेला. आधी बायका आडून न्यायच्या, मग उघड. आत्या शेवटपर्यंत लवंग चघळायची. तिनं नेम फेडला नाही. ती गेली तेव्हा आमच्या रीतीनं तिला बसती पुरायला नेताना स्वामींनी विचारलं की हिचा काही नेम राहिलाय का. अण्णा म्हणाले, व्हय, राहिलाय, आणि तो आमी फेडणार न्हाय.

पुष्कळ वर्षांनी, शेवंता वाकून चालायला लागली होती तेव्हा, मी माहेरी असताना एका दुपारी ती माझ्याकडं आली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "नंदाबाय, आता सांगू का त्या टायमाचं?" मी म्हणाले, सांगायचं असलं तर सांग. तिनं सगळं सांगितलं. का राहिली ते, चाक का फिरवलं ते, पेवाचं, बांगड्यांचं. सांगून झाल्यावर डोळे पुसून घरी गेली.

हे प्रकरण वाचून माझी नात म्हणाली, "आज्जी, पण ते लिही ना. शेवटी काय झालं होतं ते कळलंच नाही." नाहीच कळायचं. मी ते लिहिणार नाही. ते ऐकून तुम्ही तिला बरी म्हणाल किंवा वाईट म्हणाल, आणि दोन्हीसाठी तिला तुमच्यापुढं उभी करायचा मला हक्क नाही. इतकं वाचूनही तुम्हाला त्या बांगड्या कुठून आल्या हे विचारावंसं वाटत असेल. मला कळतं. त्याबद्दल मी तुम्हाला नाव ठेवणार नाही.